माँटगोमरीचा सही केलेला फोटो घ्यावा का? १९४३ ची सही म्हणतायत

शाईवेडा:
मंडळी, आतापर्यंत जुनी पत्रं नि पाकिटं जमवत होतो, आता दुसऱ्या महायुद्धातल्या सेनापतींच्या सह्यांचे फोटो जमवायला घेतलेत. एक ब्रिटिश सेनापती माँटगोमरीचा मिळतोय, तोच तो दोन बिल्ले लावलेल्या काळ्या टोपीतला, खाली शाईने ‘माँटगोमरी ऑफ अलामेन’ अशी सही. विकणारा म्हणतो १९४३ मध्ये वाळवंटातच सही करून दिलेला आहे, सोबत सर्टिफिकेटपण देतोय. मागे काय आहे ते दाखवलेलं नाही. किंमत ऐकून घाम फुटला म्हणून आधी इथे विचारतोय, खरी-खोटी ओळखायची कशी?

जुनी_फाइल:
सर्टिफिकेट बाजूला ठेवा, ते कुणीही प्रिंटरवर काढतो. आधी सही वाचा. अल अलामेनची लढाई १९४२ ची, पण त्याला ‘व्हायकाउंट माँटगोमरी ऑफ अलामेन’ हा किताब मिळाला १९४६ साली, मग १९४३ मध्ये तो ही सही करेल कशी?? तेव्हा ‘बी. एल. माँटगोमरी’ असायचं. पण म्हणून लगेच नकली ठरवू नका, माणूस १९७६ पर्यंत होता, जुन्या फोटोवर नंतर कधीतरी सही केलेली असू शकते. म्हणजे सही खरी आणि कहाणी खोटी, असंही असतं. फक्त मग युद्धकाळातल्या सहीचा भाव द्यायचा नाही. आपल्याकडचंही तसंच बघा, ७१ च्या फोटोवर माणेकशॉंनी सहीखाली फील्ड मार्शल लिहिलं असेल तर ती सही जानेवारी १९७३ च्या आधीची नाही.

भिंगवाला:
वरच्याला +१. आता पेन बघा. दहापट भिंग घ्या, फोटो तिरप्या उजेडात धरा. खरी शाई चकचकीत कागदावर वर बसलेली दिसते, कुठे जाड कुठे तुटक. सहीत बारीक ठिपके दिसले किंवा सहीला वेगळी चमकच नसेल तर ती फोटोबरोबर छापलेली आहे. जर्मन सेनापती रोमेल गेला ऑक्टोबर १९४४ मध्ये, अमेरिकन सेनापती पॅटन डिसेंबर १९४५ मध्ये, आणि मार्कर पेन बाजारात आले १९५० नंतर, तरी मार्करने सही केलेला रोमेल विकायला काढणारे महाभाग आहेत! अल्ट्राव्हायोलेट टॉर्चपण ठेवा. कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, तो साधारण १९५० च्या दशकापासून आला, म्हणजे प्रिंट युद्धातली नाही. पण यातून कळतं ते कागदाचं वय, सहीचं नाही, हे विसरू नका.

आणि मोठ्या साहेबांच्या ऑफिसातून सेक्रेटरी सह्या ठोकायचे, नंतर ऑटोपेन, म्हणजे हुबेहूब तीच सही पुन्हा पुन्हा करणारं मशीन आलं. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या तर खूश होऊ नका, माणूस दोनदा सेम सही करत नाही.

रविवारचा_वाचक:
माझ्या मते नवख्याने रोमेल-पॅटनच्या वाटेला जाऊच नये. जे लवकर गेले त्यांच्या सह्या कमी, त्यामुळे नकलीच जास्त. जर्मन नौदलप्रमुख डोनित्झचं उलट, तो १९५६ ला तुरुंगातून सुटला आणि १९८० पर्यंत जगला, लोकांनी पोस्टाने पाठवलेल्या फोटोंवर सह्या करून परत पाठवायचा, त्यामुळे तुलनेने सहज मिळतो.

तिरकस:
न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात शिक्षा झालेला माणूस भिंतीवर लावायचा का पण??

रविवारचा_वाचक:
भिंतीवर कोण लावतंय, फाइलमध्ये ठेवायचा, कागदपत्र म्हणून. ज्याला नको त्याने घेऊ नये, आणि काही लिलाव साइट नाझी चिन्हांचा माल घेतच नाहीत तेही बघून ठेवा.

शाईवेडा:
भारी माहिती. विकणाऱ्याला किताबाचं विचारलं तर आता म्हणतो ‘साधारण १९४३’ 😂 भाव मात्र तोच. ‘टू अमुकतमुक’ असं नाव घातलेला दुसरा एक फोटो स्वस्तात देतो म्हणाला, तो कमी दर्जाचा समजायचा का?

जुनी_फाइल:
भाव कमी येतो खरा पण मी तर तोच आधी बघेन. सहीएवढीच नक्कल करणं सोपं, ओळभर अक्षर उतरवताना हात अडखळतो. सोबतचं पत्र किंवा शिक्क्याचं पाकीट असेल तर मागून घ्या. आणि घेतलाच तर लॅमिनेशन करू नका, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पॉलिएस्टरचं घ्या. भिंतीवर लावायचा तर कॉपी लावा, उन्हाने शाई उडते.

शाईवेडा:
दोन्हीच्या मागच्या बाजूचे आणि तिरप्या उजेडातले फोटो मागवलेत, आले की इथे टाकतो.