टोकियोच्या कुदानशिता स्टेशनात गाडी बदलताना जिना चढावा लागतो का?

मूळची साताऱ्याची:
आई-बाबा मार्चअखेर टोकियोला येताहेत. आम्ही ओजिमाला राहतो, भाऊ शिबुयाला. आईचे दोन्ही गुडघे बदललेत. तोएई शिंजुकु लाइनने कुदानशिताला उतरून टोकियो मेट्रोची हानझोमोन लाइन पकडायची, असा बेत आहे. पण दोन कंपन्या, म्हणजे गेटबाहेर पडून परत आत जावं लागतं का? आणि तिकिटाचं काय?

जुनी ओजिमाकर:
अगं, जाताना एकही पायरी नाही, आईंना निर्धास्त ने. तुमची गाडी ५ नंबरच्या प्लॅटफॉर्मला लागेल. उतरलात की समोरच ४ नंबर, तिथे शिबुयाची हानझोमोन येते. मध्ये गेटही नाही.

मी इथे आले तेव्हा या ४ आणि ५ च्या मध्ये भिंत होती. भिंतीपलीकडची गाडी पकडायला माणसाने जिना चढायचा, गेट पार करायचं, परत खाली उतरायचं. तोएई म्हणजे टोकियो सरकारचंच परिवहन खातं आणि टोकियो मेट्रोतही त्याच सरकारचे शेअर, तरी भिंत! उपगव्हर्नर असताना नाओकी इनोसे यांनी हा विषय लावून धरला आणि मार्च २०१३ मध्ये दोन्ही प्लॅटफॉर्म एक झाले. म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या आया तिथून सरळ चालत जाताना दिसतात तेव्हा मला आजही फार बरं वाटतं.

येताना मात्र ही सोय नाही, हे कुणी आधी सांगत नाही. शिबुयाहून येणारी गाडी ३ नंबरला लागते आणि ओजिमाकडे जाणारी सुटते ६ वरून. मध्ये रूळ. वर जाऊन खाली यावंच लागतं. लिफ्टच्या खुणा बघत जा, घाई करू नका, एखादी गाडी सुटली तर सुटू दे. शिवाय मार्चअखेर म्हणजे जवळच्या चिदोरिगाफुची खंदकाकाठचा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर. तो बघायला येणारे सगळे याच स्टेशनात उतरतात. जवळच्या बुदोकान सभागृहात कार्यक्रम असेल तर संध्याकाळी आणखी गर्दी. परतीला दुपारीच निघा.

तिकिटाचं सोपं आहे. दोघांना सुईका कार्ड दे, आधी पैसे भरून ठेवायचं आणि गेटवर टेकवायचं. दोन्ही कंपन्यांचं भाडं मिळून शिबुयाला एकदाच कापलं जातं आणि बदलाची ७० येन सवलत आपोआप मिळते.

मेगुरोवाला:
आई-बाबांना रोज फिरवणार असाल तर पर्यटकांचा टोकियो सबवे तिकीट पास बघा. २४, ४८ आणि ७२ तासांचे असतात, दोन्ही कंपन्यांच्या मिळून तेराही लाइन चालतात. पासपोर्ट मात्र लागतो. आमच्याकडे मेगुरो ते शिरोकाने-ताकानावा तर रूळही एकच आहेत, २००० पासून. तोएईची मिता आणि मेट्रोची नानबोकु एकाच प्लॅटफॉर्मला लागते, येईल ती पकडायची.

मूळची साताऱ्याची:
काकू, खूप आभार. परतीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तो पास घेतला तर जेआरची (जपान रेल्वेची) गाडी चालेल का? भाऊ त्यांच्या यामानोते लाइनने फिरवायचं म्हणतोय.

जुनी ओजिमाकर:
नाही, जेआर त्यात येत नाही. त्या दिवशी सुईकाच वापरा.