मागचा प्लॉट, काकूंचे चट्टे आणि मोत्या
(सोसायटीचा ग्रुप, अनगोळ, बेळगाव)

बी-१०३ काकू: मोत्याला आजपासून पार्किंगमध्ये येऊ देऊ नका. माझ्या मानेला, पापण्यांना नुसती आग आणि खाज सुटल्या. त्याची मागची केसं गेलेली बघितलात की सगळ्यांनी. त्याचंच लागलंय मला.

ए-२०२ वहिनी: माझ्याही कोपरात उठलंय हो काकू. रात्रभर झोप नाही.

सी-३०४: गाडी बोलावून लांब सोडून या की त्याला.

ए-४०१: असं कसं सोडा म्हणता अण्णा? पोरांनी वाढवलंय त्याला.

बी-२०४: मी स्किन ओपीडीला नर्स आहे म्हणून लिहिते, जरा मोठा मेसेज आहे, पण वाचा. काकू, मंडपासाठी मागचा प्लॉट साफ केला तेव्हा तुम्ही, वहिनी, पोरं, सगळ्यांनी उघड्या हातांनी काँग्रेस गवत उपटलं. गाजरासारखा पाला, बारीक पांढरी फुलं, तेच. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याची अ‍ॅलर्जी असली की पापण्या, मान, कोपराची घडी इथं चट्टे उठतात, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. तोवर गवत विसरलेलं असतं आणि समोर कुत्रा दिसतो.

बी-१०३ काकू: येळ्ळूरला शेतात आयुष्यभर उपटलंय ग मी हे. कधी काही झालं नाही.

बी-२०४: ह्या अ‍ॅलर्जीचं तसंच असतं काकू. वर्षानुवर्षं अंगाला लागून लागून एकदा शरीर ते ओळखायला लागतं. मग वाळलेल्या गवताची वाऱ्यावरची धूळसुद्धा पुरते. आमच्याकडे येणारे कितीतरी शेतकरी हेच सांगतात.

डी-१०१ आजोबा: आमच्या जांबोटीकडं काजूचं तसंच. टरफलाच्या तेलानं हाताची सालं निघतात. बिब्बाही त्याच कुळातला, आणि आंबाही. चिकानं ओठ उततात ते त्यामुळंच.

ए-२०२ वहिनी: मेडिकलमधून ट्यूब आणली, बरं वाटतंय. तीच मोत्याला लावू काय?

बी-२०४: नका वहिनी. त्या ट्यूबांत बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता डोळ्याजवळ लावत राहिलात तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि खाज गजकर्णाची निघाली तर ते आणखी पसरतं. मोत्या तर चाटूनच टाकेल. त्याचं टक्कल शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर आहे. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असली की कुत्रं तिथंच चावत बसतं, थोड्या पिसवाही पुरतात. पिसवांची अंडी आणि अळ्या असतात त्याच्या अंथरुणात, म्हणून ते पोतं गरम पाण्यात धुवा. कुत्र्याची खरूज माणसाला लागू शकते, पण ती सहसा हातावर, पोटावर दिसते, पापण्यांवर नाही. तरी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवूया, ते कातडी खरवडून बघतील.

ए-४०१: मी उद्या घेऊन जातो. पिसवांचं औषध आमच्या मनीला पण लावायचं काय?

बी-२०४: कुत्र्याचं मांजराला मुळीच नको! पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला विष आहे. तिचं वेगळं मागा.

सी-३०४: मग गवताचं काय करायचं? पेटवून देऊ?

बी-२०४: पेटवू नका अण्णा, धूर आणि कण सगळ्यांच्या घरात शिरतील. काकू आणि वहिनी, तुम्ही तिकडं फिरकूच नका. बाकीच्यांनी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट निघतं. फुलं येण्याआधी काढलं असतं तर बी पडलं नसतं, एकेका झाडाला हजारोंनी बी येतं.

डी-१०१ आजोबा: कुंपणाकडं खडीत काही लावलेलं नाही, तिथं मिठाचं पाणी मारा. लिटरला २०० ग्रॅम. पण नारळाकडं नको. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला टाकळ्याचं बी टाकूया, तो ह्या गवताला वर येऊ देत नाही. भाजीही होते.

बी-१०३ काकू: मी मोत्याला उगीच बोलले. अंथरूण मी धुते.

बी-२०४: मोजे घालून हं काकू! आणि घरातलं गवताला लागलेलं लुगडं वेगळं धुवा. उद्या ओपीडीला या, गरज वाटली तर पॅच टेस्ट सांगतील, म्हणजे पाठीला पट्ट्या चिकटवून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात. आणखी एक, सगळ्यांसाठी: ओठ-जीभ सुजली, धाप लागली, गरगरलं तर ग्रुपवर विचारत बसू नका. १०८ ला फोन करा.

सी-३०४: रविवारपेठेत जातोच आहे, मीठ आणि हातमोजे आणतो. किती जोड लागतील ते रात्रीपर्यंत लिहा.