डिजिटल ट्विनला ‘जुळं’ म्हणायचं का? आणि ‘सॉफ्टवेअर मॉडेल’चं काय करायचं?

शेवंती
मंडळी, अडलंय. पंप आणि मोटारी सांभाळणाऱ्या टेक्निशियन लोकांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतेय, तिच्यातल्या एका वाक्याने दोन दिवस छळलंय. वाक्य असं, की सिस्टिम मॉडेल आणि सॉफ्टवेअर मॉडेल वापरून डिजिटल ट्विनचं (म्हणजे खऱ्या यंत्राच्या कॉम्प्युटरमधल्या जोडीदाराचं) सिम्युलेशन चालवायचं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, ‘प्रणाली प्रतिमान व आज्ञावली प्रतिमान यांच्या साहाय्याने अंकीय जुळ्याचे सदृशीकरण करावे’. तपासनिसांनी ‘जुळ्याचे’ खाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, जुळी माणसांना होतात, यंत्रांना नाही, ‘प्रतिकृती’ करा.

मला प्रतिकृती पटत नाही. प्रतिकृती म्हटलं की काचेच्या कपाटातलं गलबत डोळ्यासमोर येतं, ते हलत नाही आणि मूळ जहाजाचं काय चाललंय ते त्याला कळत नाही. इथे पंपावरच्या सेन्सरकडून दाब, तापमान, कंपनं सतत येत राहतात आणि त्यावरून ते मॉडेल सांगतं की बेअरिंग अजून किती दिवस काढेल. याला प्रतिकृती कसं म्हणू? ट्विन, मॉडेल, सिम्युलेशन, तिन्हीवर मतं द्या.

रफार
तिन्हीला मराठी शब्द आहेत, फक्त आपण शोधत नाही. ट्विनसाठी ‘प्रतिबिंब’ घ्या. बिंब हललं की प्रतिबिंब हलतं, म्हणजे तुमची गलबताची अडचण मिटली. आणि हे मी ओढूनताणून आणत नाहीये. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात ही कल्पना मांडली, त्यानंतर पहिली काही वर्षं त्यांनी तिला जी नावं दिली ती आरशावरूनच होती. ट्विन हा शब्द नंतरचा, तो नासातल्या जॉन व्हिकर्स यांचा. मग आपण दुसऱ्या नावाचं भाषांतर करण्यापेक्षा पहिल्याचं का करू नये? बिंब-प्रतिबिंब ही जोडी आपल्याकडे वेदान्तापासून वापरात आहे, तिचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

खटपट्या
रफार, शब्द सुंदर आहे पण इथे चुकीचा ठरेल. मी कंट्रोलमध्ये, म्हणजे यंत्रांच्या स्वयंचलित नियंत्रणात, काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१८ सालच्या एका आढावा लेखात या प्रकाराच्या तीन पायऱ्या केल्यात आणि त्या आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. पहिली, नुसतं डिजिटल मॉडेल, यात खऱ्या यंत्राची माहिती माणूस हाताने भरतो. दुसरी, डिजिटल शॅडो, यात यंत्राकडून मॉडेलकडे माहिती आपोआप येते पण परत काही जात नाही. तिसरी म्हणजे ट्विन, यात दोन्हीकडून आपोआप जाते, म्हणजे मॉडेलने ठरवलं की वेग कमी करायला हवा तर खऱ्या मोटारीचा वेग कमी होतो. आता सांगा, आरशातल्या माणसाने भांग पाडला म्हणून तुमचा भांग पडतो का? प्रतिबिंब हा दुसऱ्या पायरीचा शब्द आहे. तिथे तो जरूर वापरा, छायेपेक्षा मला तोच आवडेल. पण मग तिसऱ्याला वेगळा शब्द लागेलच.

आडवाटे
अपोलो १३ विसरू नका हां. एप्रिल १९७० मध्ये यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये यान परत चालू करायच्या कृती आधी करून बघितल्या आणि मगच वर कळवल्या. ते पहिलं जुळं. सगळीकडे हेच उदाहरण देतात.

खटपट्या
देतात खरं, पण मला ते नेहमी खटकतं. ते सिम्युलेटर आपोआप यानाशी जोडलेले नव्हते, वरून काय दिसतंय ते ऐकून माणसं त्यांच्या खुंट्या फिरवत होती. फार मोठं काम झालं, त्याबद्दल वादच नाही. पण वरच्या हिशेबात ती पहिली पायरी.

जुनी_वही
शेवंतीताई, तपासनिसांना सांगा की जुळं फक्त माणसांचं नसतं. जुळी केळी असतात, जुळे शब्द असतात. माझी आजी आवळी-जावळी म्हणायची. जावळं हे संस्कृत ‘यमल’वरून आणि जुळं ‘युगल’वरून, य चा ज झाला, तोच नियम.

पण मला जुळं आवडण्याचं कारण व्युत्पत्ती नाहीये, क्रियापद आहे. जुळणे. हिशेब जुळतो, सूर जुळतो, पत्रिका जुळते, मोडलेलं हाड जुळतं. दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना बरोबर लागू होणं म्हणजे जुळणं. मी या विषयातली नाही, पण वर वाचून मला असं वाटलं की त्या मॉडेलला सारखं खऱ्या पंपाशी जुळवूनच घ्यावं लागत असणार ना? मग जे जुळवत ठेवलेलं असतं ते जुळं. इंग्रजी शब्दात ही सोय नाही, आपल्यात आहे.

खटपट्या
जुनी_वही, अगदी हेच रोज करतो आम्ही! मॉडेल म्हणतं दाब ४.२ बार असायला हवा, सेन्सर म्हणतो ३.९, मग तो फरक बघून मॉडेलमधले आकडे थोडे सरकवायचे, गळती किती धरली, घर्षण किती धरलं. हे सतत चालतं. १९६० चा काल्मन फिल्टर ही गणिती रीत याच कामाला वापरतात, त्यात मॉडेलवर किती भरवसा ठेवायचा आणि सेन्सरवर किती, याचं वजन काढलेलं असतं. जुळवलं नाही तर सहा महिन्यांत मॉडेल एका पंपाचं आणि खरा पंप भलताच अशी गत होते. आम्ही आपसात ‘कॅलिब्रेट केलं’ म्हणतो, पण ‘जुळवून घेतलं’ हे कितीतरी चांगलं आहे. मी उद्यापासून म्हणणार.

रफार
जुळणे हे क्रियापद आणि जुळे हे नाम यांचा असा संबंध लावणं मला ओढूनताणून वाटतं. जुळी भावंडं कुणी जुळवत नाही, ती एका वेळी जन्मतात. आणि नेमकं तेच इथे नाही. ग्रीव्ह्ज स्वतः म्हणतात की वस्तू बनण्याआधीसुद्धा तिचा डिजिटल नमुना असतो. एक आधी, एक नंतर, एक खरा, एक त्याच्यावर बेतलेला. जुळ्यांत असा मोठेपणा-लहानपणा नसतो.

काथ्याकूट
बेतलेला! काय मस्त शब्द वापरलात आणि तुमच्या लक्षातही आलं नाही. मापावर बेततात.

माझं मत, डिजिटल ट्विन तसंच ठेवा. ज्याच्या हातात पुस्तिका जाणार त्याच्या स्क्रीनवर डिजिटल ट्विनच लिहिलेलं असणार. पुस्तिकेत एक आणि बटणावर दुसरं, असं झालं तर माणूस चुकीचं बटण दाबेल. शुद्धतेपेक्षा ते महत्त्वाचं.

रफार
मग महापौर, दिग्दर्शक, दूरध्वनी हे सगळं सावरकरांनी कशाला केलं? मेयर, डायरेक्टर चालूच होतं की. शब्द वापरला की रुळतो, आणि वापरायला कुणीतरी सुरुवात करावी लागते.

काथ्याकूट
महापौर रुळला, मान्य. पण दूरध्वनी लेटरहेडवर राहिला आणि बोलताना सगळे फोनच म्हणतात. त्याच माणसाचे दोन शब्द, एक तोंडात बसला, एक कागदावर राहिला. कुठला बसेल हे आधी कुणाला सांगता येतं?

शेवंती
थांबा थांबा, मॉडेल राहिलं. ‘प्रतिमान’ समाजशास्त्रवाले वेगळ्याच अर्थाने वापरतात. ‘प्रारूप’ म्हटलं की सरकारी कागदांत मसुदा, प्रारूप आराखडा. ‘नमुना’ म्हटलं तर प्रयोगशाळेत तपासायला नेलेलं पाणी. आणि मुळात सॉफ्टवेअर मॉडेल म्हणजे सॉफ्टवेअरचं मॉडेल की सॉफ्टवेअरमधलं मॉडेल? इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की भागतं, मराठीत मला प्रत्यय लावावाच लागतो आणि तिथेच अडते.

खटपट्या
तुम्ही अडलात हे फार बरं झालं, कारण वाक्य लिहिणाऱ्यानेही बहुतेक ठरवलेलं नाहीये. तीन अर्थ होऊ शकतात.

एक, सॉफ्टवेअरमध्ये केलेलं मॉडेल. मग सिस्टिम मॉडेलही सॉफ्टवेअरमध्येच असतं, वेगळं सांगायची गरज नाही, म्हणून हा अर्थ मी सोडून देईन. दोन, सॉफ्टवेअरचं मॉडेल, म्हणजे कंट्रोलरचा (यंत्राला हुकूम देणाऱ्या उपकरणाचा) प्रोग्रॅम कसा वागेल याचं चित्र, अमुक स्थितीतून तमुक स्थितीत कधी जायचं ते दाखवणाऱ्या आकृत्या, यूएमएल किंवा सिसएमएल या आकृत्यांच्या ठरीव भाषांमध्ये काढतात तशा. तीन, खुद्द सॉफ्टवेअर. कंट्रोलरमध्ये जो प्रोग्रॅम जाणार तोच कॉम्प्युटरवर चालवायचा आणि खऱ्या पंपाऐवजी पंपाचं मॉडेल त्याच्यासमोर ठेवायचं. प्रोग्रॅमला वाटतं आपण खराच पंप चालवतोय. याला सॉफ्टवेअर-इन-द-लूप म्हणतात. पुढे खरा कंट्रोलर आणून जोडला की हार्डवेअर-इन-द-लूप.

तुमच्या वाक्यात सिस्टिम मॉडेल म्हणजे पंप, मोटार, पाइप, पाणी यांचं भौतिक वागणं, ते समीकरणांत लिहिलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर मॉडेल म्हणजे त्यांना हुकूम देणारा भाग. दोन्ही बहुतेक वेगवेगळ्या टूलमध्ये बनलेले असतात, म्हणून त्यांना एकमेकांशी बोलायला लावावं लागतं. त्यासाठी २०१० पासून एफएमआय नावाचं स्टँडर्ड आहे. प्रत्येक मॉडेल एका पुडक्यात बांधायचं, आणि ठरलेल्या प्रत्येक टप्प्याला, समजा दर दहा मिलिसेकंदांनी, पुडकी एकमेकांना आपापले आकडे देतात. टप्पा फार मोठा धरला तर कंट्रोलरला दाब वाढल्याचं उशिरा कळतं आणि खऱ्यात जी व्यवस्था शांत आहे ती सिम्युलेशनमध्ये हेलकावे खायला लागते. नवीन माणूस मग दोन दिवस पंपाच्या समीकरणांत चूक शोधत बसतो, मीही बसलोय. पुस्तिकेत हे दोन ओळींत आलं तर टेक्निशियनचा बराच त्रास वाचेल.

तर मी लिहीन, ‘पंपाचं मॉडेल आणि तो चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं मॉडेल एकत्र चालवून’. पण लेखकाला विचारा, दोन की तीन.

अजून एक, त्या पुस्तिकेत ‘प्लँट’ आला तर जपून. कंट्रोलमध्ये प्लँट म्हणजे ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचं ती वस्तू, एकटी मोटारसुद्धा प्लँट असते.

शेवंती
अरे देवा. मी ‘कारखान्याचे प्रतिमान’ केलंय, सात ठिकाणी. आज रात्री सगळं परत बघते. आणि लेखकाला आत्ताच मेल टाकते.

ओवी
सिम्युलेशनकडे कुणी बघतच नाहीये. ‘रंगीत तालीम’ का नको? सगळं खऱ्यासारखं, पोशाख, दिवे, फक्त प्रेक्षक नाहीत. चुकलं तर चालतं, चुकावं म्हणूनच तर करतात.

आडवाटे
तालमीत प्रयोग तोच असतो, नटही तेच असतात. सिम्युलेशनमध्ये पंप खरा नाहीये. सोंग म्हणा. सोंग वठतं किंवा वठत नाही, सिम्युलेशनचंही तेच.

ओवी
पण खटपट्यांनी सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम खराच असतो ना? म्हणजे एक नट खरा, समोरच्याचं सोंग. मग तालीम बरोबर बसते, मुख्य नट आजारी असला की त्याच्या जागी कुणालातरी उभं करतात तशी.

रफार
‘अनुकार’ हा नेमका शब्द आहे. सोंगात फसवणूक येते.

जुनी_वही
सोंगात फसवणूक नसते हो. सोंग आणणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं की हे सोंग आहे. फसवणूक तोतयात असते.

काथ्याकूट
सगळ्यांनी ‘मॉडेल’ वापरलंय, पण अनेकवचन? मी ‘मॉडेलं’ म्हणतो, पुस्तकांत सर्रास ‘मॉडेल्स’ दिसतं. टेबलं, तिकिटं, बिलं म्हणतो की आपण, मग मॉडेलवर इंग्रजी स कशाला? आणि ट्विन, तो की ते? खटपट्या, तुमच्याकडे काय म्हणतात?

खटपट्या
‘तो ट्विन’ म्हणतात, ‘ट्विन बंद पडला’. मॉडेल मात्र ते. मॉडेल्सच म्हणतात सगळे, मॉडेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

रफार
मॉडेलं हेच बरोबर. शब्द घेतला की त्याला आपलं व्याकरण लावायचं. इतकं तरी करा.

आडवाटे
तुम्ही चक्क इंग्रजी शब्दाची बाजू घेताय, रफार!

रफार
शब्दाची नाही, व्याकरणाची. प्रतिबिंब अजून सोडलेलं नाही मी.

ओवी
जुनी_वही, एक विचारायचं होतं. आजीच्या ‘आवळी-जावळी’तलं जावळी आणि बाळाचं जावळ यांचा काही संबंध आहे का? आमच्या घरी यावरून पूर्वी वाद झाला होता, कुणीच माघार घेतली नव्हती.

जुनी_वही
माझ्या मते नाही, पण आजीच्या मते होता. ती म्हणायची, बाळाबरोबरच जन्मतं म्हणून जावळ.

काथ्याकूट
मग रफार म्हणतात तेच आलं की, बरोबर जन्मतं ते जुळं. आणि हाड जुळतं त्याचं काय?