फ्लॅगस्टाफला एक दिवस पुरत नाही
फ्लॅगस्टाफला मे महिन्यात ओव्हरलँड एक्स्पो वेस्ट भरतं, म्हणजे गाडीतच मुक्कामाचं सामान घेऊन आडवाटांनी लांब भटकणाऱ्यांचा मेळावा. त्याबद्दल ‘नुसत्या गाड्याच बघायच्या तर एक दिवस पुरे’ असं कुणी म्हटलं, ते काही पटलं नाही. अ‍ॅरिझोनातल्या या मेळाव्यातले स्टॉल मी पहिल्याच दुपारी उरकले. खरी मजा संध्याकाळी, तंबूंच्या रांगांत. एका आजोबांनी जुन्या टोयोटाच्या मागच्या दाराचाच ओटा केला होता. फळी पाडली की शेगडी, मिठाची डबी, सगळं हाताशी! मापं विचारली तर टेपच हातात दिला.

वाळूत टायरची हवा का कमी करायची (टायर पसरतो, रुतत नाही) हेही तिथेच नीट कळलं.

आणि मे महिना म्हणून फसू नका. फ्लॅगस्टाफ जवळपास ७,००० फुटांवर आहे. फिनिक्सच्या उन्हातून आम्ही पातळ चादरी घेऊन गेलो आणि रात्रभर कुडकुडत बसलो.