पीएचपी ७.४ बंद होतंय, जुनी वर्डप्रेस साइट ८.२ वर नेली की बसते. सुरुवात कुठून करू?

फैजपूरकर

राम राम मंडळी. फैजपूर, सावदा, रावेर पट्ट्यातल्या छोट्या साइट मी सांभाळतो. केळी रोपांच्या नर्सऱ्या, ठिबकवाले, एक मंगल कार्यालय. होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय, महिनाअखेर पीएचपी ७.४ (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची जुनी आवृत्ती) काढणार आणि सगळी खाती ८.२ वर नेणार.

बाकीच्यांचं टेन्शन नाही. घोडं अडलंय ते एका टिश्यू कल्चर नर्सरीपाशी. साइट बनवणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागला, फोन उचलत नाही. थीम विकतची, आणि तिच्याच फाइलींत घुसून त्याने रोजचा केळी भाव दाखवणारा चौकोन बसवलाय. चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता आपले बदल ठेवायची जोडथीम) वगैरे नावाला नाही. थीमसोबत फुकट आलेला पेज बिल्डर (पानं मांडायचं प्लगइन) सारखा 'अपडेट उपलब्ध' म्हणतो, बटण दाबलं की लायसन्स मागतो.

काल रात्री पॅनेलमधून ८.२ करून पाहिलं तर पांढऱ्या पानावर 'क्रिटिकल एरर' एवढीच ओळ. परत ७.४ केलं, साइट चालू. शेठ म्हणतात, "चालतंय ना, मग हात कशाला लावतो?" वरून मृगबागेचं रोपांचं बुकिंग तोंडावर. थीम अपडेट केली तर भावाचा चौकोन उडेल, नाही केली तर महिनाअखेर साइटच उडेल.

अमळनेरी

भो, मन्ही साइट बी अशीच बंद पडनी व्हती. मी वर्डप्रेसला रामराम केला आणि विक्स (भाड्याने तयार साइट देणारी सेवा) घेतलं. अपडेट त्यांचं ते करतात, आपण फक्त फोटो आणि मजकूर टाकायचा. शेठला सांग, दरवर्षी पैसे भर आणि झोप काढ.

शिरपूरची_कोडवाली

अमळनेरी दादा, चार पानांच्या दुकानाला विक्स चांगलंच आहे, मीही दोघा-तिघांना दिलंय. पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. उद्या भाडं परवडेना झालं तर सगळं पहिल्यापासून बांधा. आणि बुकिंग तोंडावर असताना घर बदलायला निघणं मला तरी पटत नाही.

फैजपूरकर भाऊ, शेठचं 'चालतंय ना' आधी बाजूला ठेवा. ७.४ चे सुरक्षा अपडेट २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबले. होस्टिंगवाले उशिराच जागे झालेत. ८.२ ला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच सुरक्षा दुरुस्त्या आहेत, ८.३ ला २०२७ अखेरपर्यंत. पॅनेलमध्ये ८.३ दिसत असेल तर थेट त्यावरच जा, वर्षभराने हेच रडगाणं नको.

चालू साइटवर आता काही करू नका. फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घेऊन सबडोमेनवर प्रत उभी करा. प्रतीत 'सर्च इंजिनांना रोखा' हा पर्याय चालू करा आणि बुकिंग फॉर्मचा ईमेल स्वतःचा टाका. नाहीतर तुमच्या चाचणीच्या ऑर्डरी शेठच्या मेलवर जातील आणि ते रोपं गाडीत भरायला घेतील.

आता ती 'क्रिटिकल एरर'. वर्डप्रेस ५.२ पासून (२०१९) अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक जाते, कुठलं प्लगइन किंवा थीम फुटली तेही त्यात लिहिलेलं असतं. तुम्हाला मेल आला नाही ना? सेटिंगमध्ये ॲडमिन ईमेल बघा, नव्वद टक्के त्या पुण्याच्या पोराचाच असणार. तो आधी बदला.

मेलची वाट बघायचीही गरज नाही. प्रतीच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग-लॉग चालू करा, डीबग-डिस्प्ले बंद ठेवा, मग प्रत ८.३ वर टाका आणि पान उघडा. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये लॉगची फाइल तयार होईल. तिच्यात 'डेप्रिकेटेड'च्या (हे जुनं झालंय, एवढाच इशारा) ओळींचा पाऊस पडेल, तो पडू द्या. 'फेटल' (साइट पाडणारी चूक) शब्द शोधा, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक शेजारीच असतो.

माझा अंदाज, 'क्रिएट अंडरस्कोर फंक्शन' ही पीएचपीची जुनी आज्ञा सापडेल. जुन्या थीममध्ये विजेट (भावाच्या चौकोनासारखा छोटा भाग) नोंदवायला हेच सर्रास वापरायचे. ७.२ मध्ये ते जुनं ठरवलं, ८.० मध्ये काढूनच टाकलं. तेवढी एक ओळ साध्या निनावी फंक्शनने बदलली की काम होतं.

मग भावाचा कोड थीममधून काढून स्वतंत्र छोट्या प्लगइनमध्ये हलवा, म्हणजे थीम अपडेट करायला मोकळे. क्रम असा ठेवा: ७.४ वरच आधी प्लगइन, मग थीम, मग वर्डप्रेस, पीएचपी सगळ्यात शेवटी. पेज बिल्डरचं लायसन्स शेठला विकत घ्यायला लावा. थीमसोबत आलेल्या प्लगइनची नवी आवृत्ती थीमवाला देईल तेव्हाच मिळते, तोवर भोक उघडंच.

आणि वार्षिक देखभालीचे पैसे मागायला लाजू नका. शेठला एवढंच विचारा, ठिबक बसवलं म्हणून फिल्टर धुवायचं सोडता का?

भुसावळ_जंक्शन

ताईंनी सगळं सांगितलंच, एकच भर. जुन्या साइटचा डेटाबेस लॅटिन-१ (अक्षरं साठवायची जुनी पद्धत) मध्ये असू शकतो. वर्डप्रेस ४.२ पासून (२०१५) यूटीएफ-८-एमबी-४ ही नवी पद्धत आली, पण जुने टेबल कधीकधी तसेच राहतात. प्रत बनवताना कॅरॅक्टर सेट चुकला तर मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. प्रत तयार झाली की पहिल्यांदा मराठी पान उघडून बघ. प्रश्नचिन्हं दिसली तर तिथेच दुरुस्त करत बसू नकोस, अक्षरं गेलेली असतात. मूळ डेटाबेसवरून पुन्हा एक्सपोर्ट घे.

फैजपूरकर

ताई, अंदाज तंतोतंत. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये भावाच्या विजेटची तीच ओळ होती. ॲडमिन ईमेलही त्या पोराचाच. मराठी शाबूत. शेठ लायसन्सला हो म्हणाले, देखभालीला "बघू". प्रत ८.३ वर चालली, लॉगमध्ये फेटल एकही नाही, म्हणून खरी साइट हलवली.

आज नवीनच. लिलाव बंद होता. अशा दिवशी चौकोनात 'आज भाव नाही' यायचं, त्याऐवजी रावेर ० रुपये, बऱ्हाणपूर ० रुपये क्विंटल झळकतंय. सकाळपासून शेठला फोन, केळी फुकट वाटताय का म्हणून. लॉगमध्ये एक अक्षर नाही. कोडमध्ये भावाचा आधी 'इंटव्हॅल' करून पूर्णांक घेतलाय, मग दोन बरोबरच्या चिन्हांनी रिकाम्या अवतरणाशी तुलना.

शिरपूरची_कोडवाली

हाच ८.० चा चोरपावलांचा बदल. ७.४ पर्यंत शून्य हा आकडा आणि रिकामी स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासली की 'खरं' यायचं, ८ पासून 'खोटं' येतं. पीएचपीच्या दृष्टीने यात एरर काहीच नाही, मग लॉगमध्ये येणार कुठून? प्रतीवर सुट्टीच्या दिवसाचा भाव टाकून बघितल्याशिवाय हे पकडलं जात नाही.

तिथे तीन बरोबर टाकू नका, मग ती अट कधीच जुळणार नाही. 'एम्प्टी' वापरा, त्यात शून्य आणि रिकामं दोन्ही येतं. त्या पोराने तुमच्याकडच्या अजून कुठल्या साइट बनवल्या असतील तर त्यांच्या थीममध्येही रिकाम्या अवतरणाशी केलेल्या तुलना आजच शोधून ठेवा. ठिबकवाल्यांच्या अनुदानाच्या कॅल्क्युलेटरपासून सुरुवात करा.