मदत हवी आहे : लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं-पत्ते नीट कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी,

पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. पत्रिका छापून आल्या आणि पाकिटं लिहायचं काम माझ्याकडे आलंय. दीर म्हणतात, कॉम्प्युटरवर लेबलं छापून चिकटवून टाकू. मला ते पटत नाही. घरचं कार्य आहे, आपलं नाव कुणीतरी बसून लिहिलंय हे पाकीट हातात पडताच कळायला हवं.

सगळ्यात आधी हे विचारते. नात्यातल्या एका काकूंचे यजमान गेल्या वर्षी गेले. आमच्या जुन्या यादीत अशा सगळ्यांच्या नावापुढे 'गं. भा.' आहे. ते लिहायला माझा हात धजत नाही. मंगलकार्याच्या बोलावण्यावर त्यांच्या दुःखाची खूण आधी कशाला? 'श्रीमती' लिहिलं तर चालेल ना? घरातल्या वडीलधाऱ्यांना काय सांगू?

दुसरं, लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवलेल्या मुलींचं काय? 'श्री. व सौ.' लिहून नवऱ्याचं आडनाव लावलं तर तिचं नावच राहत नाही. आणि दोन भाऊ एकाच वाड्यात, पण चुली वेगळ्या, तिथे एक पाकीट की दोन?

पाकिटं गडद मरून, चकचकीत कागदाची आहेत. पांढऱ्या जेल पेनने लिहून पाहिलं तर बोट लागताच पुसतंय. ओळीही तिरक्या जातात. कोणतं पेन घ्यावं?

पेठकरीण
'श्रीमती'च लिहा, निःशंकपणे. आमच्याकडे तर आम्ही सगळ्याच बायकांना 'श्रीमती' लिहितो, मग कुणी वेगळं पडत नाही. वडीलधाऱ्यांना एवढंच सांगा की त्या काकू कार्याला हव्या आहेत, म्हणून. आणि शक्य असेल तर त्यांची पत्रिका पोस्टाने किंवा कुरियरने पाठवू नका, घरी जाऊन हातात द्या.

आडनाव वेगळं असेल तर दोघांची पूर्ण नावं एकाखाली एक लिहून शेवटी 'यांसी'. चुली वेगळ्या म्हणजे पाकिटं दोन, यात काटकसर नको. एकाच्या नावावर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहून दुसऱ्याला धरलं, तर ते आयुष्यभर लक्षात राहतं.

पहिली पत्रिका कसबा गणपतीला ठेवाल, तिच्यावर पत्ता नको. 'श्री कसबा गणपती चरणी' एवढंच पुरे.

अक्षरवेडी
चकचकीत कागद शाई पीत नाही, म्हणून जेल वरच राहतं. बारीक टोकाचा पांढरा किंवा सोनेरी पेंट मार्कर घ्या, अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. एका जादा पाकिटावर लिहा, पूर्ण वाळू द्या आणि मग अंगठा घासून बघा.

सरळ ओळींसाठी जाड पुठ्ठ्यात ओळींच्या मापाच्या आडव्या खाचा कापा, पाकिटावर ठेवा आणि खाचेच्या वरच्या कडेला अक्षरं टांगा. देवनागरी वरच्या रेषेला लटकते, त्यामुळे वरची कड सरळ असली की ओळ सरळ दिसते. शिरोरेषा शब्दागणिक हातानेच ओढा, पट्टी लावली की ओली शाई फरपटते. हळद-कुंकू अगदी शेवटी, पत्ता वाळल्यावर, आणि घट्ट कालवून. पातळ झालं तर ओघळून अक्षरांवर येतं.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. 'श्रीमती' ठरलं, आणि काकूंकडे मी स्वतः जाणार आहे. पत्त्यांचं एक राहिलं. पेठांतल्या जुन्या पत्त्यांवर फक्त घरक्रमांक आहे, पण वाडे पाडून तिथे सोसायट्या झाल्यात. काय लिहू?

पेठकरीण
दोन्ही लिहा. जुना क्रमांक पोस्टमनला कळतो, कुरियरवाला मुलगा सोसायटीचं नाव शोधतो. आधी सोसायटी आणि फ्लॅट, मग 'घरक्रमांक अमुक, सदाशिव पेठ', मग जवळची खूण, शेवटी 'पुणे ४११०३०'. पिन सुटा आणि ठळक लिहा. कोथरूडला ४११०३८, कसबा पेठेला ४११०११, सगळीकडे सवयीने ०३० पडू देऊ नका. महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या पाकिटांवर पत्ता इंग्रजीत. पत्रिका जाड असेल तर तिकिटं लावण्याआधी एक भरलेलं पाकीट पोस्टात वजन करून घ्या, आणि मागच्या बाजूला आपला पत्ता घाला, म्हणजे न पोचलेलं परत येईल.