भरती-ओहोटी, पाण्याची ओढ आणि गळ : आपापले अनुभव लिहावेत

भरतीच्या तक्त्यावरून पूर्ण भरती किती वाजता आहे हे कळते, तरी त्या वेळी खाडीवर गेलेला माणूस पुष्कळदा रिकाम्या हातांनी परततो. माझ्या मते याचे कारण असे, की तक्ता पाण्याची उंची सांगतो आणि मासा पाण्याच्या ओढीवर चालतो. कोठे, भरतीच्या वा सुकतीच्या (ओहोटीच्या) कोणत्या तासाला आणि कोणता मासा लागतो, हे आपापल्या किनाऱ्यापुरते लिहावे, ही विनंती.

आरंभ दाभोळ खाडीपासून करतो. येथे मी पूर्ण भरतीला गळ टाकत नाही, कारण तेव्हा पाणी कांदळवनात दूरवर शिरलेले असते आणि त्याच्यामागे मासाही मुळांमध्ये पांगलेला असतो. सुकती लागून तासभर झाला, की कांदळवनातले लहान ओहोळ खाडीत रिकामे होऊ लागतात, त्यांच्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर ओढली जाते, आणि ओहोळाच्या तोंडाशी, वाहत्या व संथ पाण्याच्या सीमेवर, तांबोशी ही मासळी दबा धरून असते. आमिष ओहोळाच्या आत टाकून पाण्याबरोबर बाहेर येऊ द्यावे. तेथेच शिसे लावून रोवून ठेवलेल्या आमिषाकडे ती क्वचितच वळते. खाडीत आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या बाजूला भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, म्हणून दाभोळची वेळ तेथे जशीच्या तशी लावू नये.

— मुंबईहून
आमच्याकडे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब ढोबळ आहे. पंधराव्या तिथीला तो सव्वाअकरा दाखवतो, तर पौर्णिमेची भरती प्रत्यक्षात बाराच्या सुमारास असते. अ‍ॅप असतानाही मी आधी हाच हिशेब करतो, कारण तिथीबरोबर उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) हेही लगेच ध्यानात येते. गळवाल्याने उधाणाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, तळाचा गाळ उसळून पाणी गढूळ होते आणि मधल्या दोन तासांत जड शिसेही तळाला टिकत नाही. भांगाच्या दिवसांत, विशेषतः सप्तमी ते दशमी, पाणी निवळते, आणि आमिष डोळ्यांनी शोधणारा मासा तेव्हाच लागतो. वास घेत येणाऱ्या शिंगाळा माशाला मात्र गढूळ पाण्याचे वावडे नाही.

— अर्नाळ्याहून
भांगाची एवढी स्तुती वाचून आमच्या घरी हसू आले असते. आमची डोल आहे. हे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते, ते स्वतः हलत नाही. ओढ जितकी जोराची, तितके बोंबील, जवळा आणि करंदी त्याच्या तोंडातून आत येतात, आणि पाणी थांबण्याच्या सुमारास जाळे उचलावे लागते. भांगात ओढ मंदावते, बाजारात माल कमी येतो आणि भाव चढतो. त्यामुळे उधाण चांगले की भांग, हे आपल्या हातात काय आहे त्यावर ठरते.

— गोव्याहून
आमच्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीच्या, बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप, असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. उघडल्यावर तेथे जाळे लावून सुंगटे (कोळंबी), काळुंद्र मासा, कधी चणकही मिळतो, आणि मासेमारीच्या या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. दाभोळच्या ओहोळाचेच तत्त्व येथे माणसाने बांधून काढले आहे, असे मला वाटते.

— डार्विन, ऑस्ट्रेलियाहून
गोव्यातला चणक, म्हणजे रायगडकरांचा जिताडा, येथे बॅरामंडी म्हणून मिळतो. मोठ्या उधाणात पाणी येथे सात-आठ मीटर चढते-उतरते, त्यामुळे स्वच्छ पाण्यासाठी मीही भांगच निवडतो. येथला पावसाळा सरताना, साधारण मार्च ते मे, पूरमैदानांवरचे पाणी ओहोळांतून नदीत उतरते. गढूळ आणि स्वच्छ पाणी मिळते त्या रेषेवर आमिष टाकावे. ५५ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा सोडावा लागतो. मगरींमुळे काठाशी उभे राहण्याची सोय नाही, तेव्हा दाभोळकरांचा हेवा वाटतो.

— रत्नागिरीहून
कातळावरून गळ टाकणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. भरतीचे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या दोन तासांत एकूण चढीचा सुमारे चौथा भाग भरतो आणि पुढच्या दोन तासांत निम्मा. गोबरा मासा खडकांच्या फटींतून बाहेर येऊन आमिष घेतो, तो बहुधा या पहिल्या दोन तासांत. तिसरा तास लागण्यापूर्वी कातळ आणि किनारा यांच्यामधली घळ ओलांडून परत यावे, कारण उधाणाच्या दिवशी ती मागच्या मागे भरते.